माशी एक, तिची घरं अनेक : सोयाबीनचा पिवळा मोझॅक कुठून येतो?



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जफेडीचा विषय चालू होता. एक ताई म्हणाल्या, "दोन फवारे मारले, तरी सोयाबीन पिवळंच पडत गेलं. गटातून उचललेले पैसे औषधात गेले अन् झाडाला शेंगा नाई. काहून झालं असं?" त्यांच्या बाजूच्या ताई म्हणाल्या, "माह्या वावरात तं मी काहीच मारलं नाई, तरी एवढं पिवळं नव्हतं." दोघींची जमीन एकाच शिवारात, बियाणं एकाच दुकानातलं. फरक एवढाच की पहिल्या ताईंच्या धुऱ्याला लागून उन्हाळी मुगाचं वावर होतं. त्या मुगाची शेवटची तोडणी झाल्यावर झाडं तशीच उभी राहिली होती.

तिथंच ठरलं की या अंकात यावर सविस्तर लिहायचं. रोग पसरवणारी कीड कोणत्या झाडावर जगते, कोणत्या झाडावरून रोग उचलते आणि कोणत्या झाडावर तिचं काहीच चालत नाही, हे एकदा समजलं की औषधाचा निम्मा खर्च वाचतो. निंदणाला, खुरपणीला, तोडणीला वावरात आपणच जास्त वेळ असतो. त्यामुळं पहिलं पिवळं झाड बहुतेक वेळा बाईलाच दिसतं.

आधी ओळख : पिवळं म्हणजे मोझॅकच असं नाही

सोयाबीन बऱ्याच कारणांनी पिवळं पडतं. पाणी साचलं तर सखल भागातला अख्खा पट्टा पिवळा पडतो. जमिनीतून लोह मिळालं नाही तर कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग सारखा पिवळा होतो. वाफसा आला की अशी झाडं पुष्कळदा सुधारतात.

मोझॅकचं तसं नसतं. पानावर गर्द पिवळे आणि हिरवे ठिपके-चट्टे मिसळलेले दिसतात, जशी गोधडीला ठिगळं लावावी तशी. सुरुवातीला वावरात एखाद-दुसरंच झाड असं दिसतं, आजूबाजूची हिरवीगार असतात. मग आठवड्याभरात त्याच्या भोवतीची दोन-चार, पुढं दहा-बारा. रोग लवकर लागला तर झाड खुजं राहतं, फुलं कमी येतात, शेंगा थोड्या आणि दाणे बारीक. हे झाड कोणत्याही औषधानं बरं होत नाही. विषाणूवर औषध नाही, हे पक्कं लक्षात ठेवायचं. दुकानदार जे देतो ते माशीचं औषध असतं, रोगाचं नसतं.

२०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विदर्भात हा रोग मोठ्या प्रमाणात आला, सोबत मूळकूज आणि खोडकूजही होती. त्या वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला होता. जोराचा पाऊस पानाखालची पांढरी माशी धुऊन काढतो. उघाडीत आणि उष्ण हवेत ती झपाट्यानं वाढते. म्हणून पावसात खंड पडला की आपण जास्त सावध राहायचं.

माशी म्हणजे डास समजा

पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची असते. झाड हलवलं की पांढरी भुकटी उडाल्यासारखी उडते आणि पुन्हा पानाच्या खालच्या बाजूला जाऊन बसते. तिची अंडी तिथंच, पिल्लंही तिथंच चिकटून रस शोषतात. एक मादी शंभराच्या वर अंडी घालू शकते. उन्हाळ्यात अंड्यापासून नवीन माशी व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, थंडीत जास्त दिवस लागतात.

आता आशाताई डेंग्यूबद्दल काय सांगतात ते आठवा. डास जन्मताना बहुधा आजार घेऊन येत नाही. तो आजारी माणसाला चावतो, आजार त्याच्या अंगात जातो आणि मग तो दुसऱ्याला चावला की त्यालाही होतो. गावात डेंग्यू पसरायला दोन गोष्टी लागतात : डास वाढायला साचलेलं पाणी आणि आजार उचलायला आजारी माणूस.

पांढऱ्या माशीचंही जवळजवळ तसंच आहे. कापसावर किंवा वांग्यावर जन्मलेल्या माशीच्या अंगात सोयाबीनचा मोझॅक नसतो. ती मोझॅक लागलेल्या झाडावर बसून साधारण पंधरा-वीस मिनिटं रस प्यायली की विषाणू तिच्या पोटात जातो. काही तासांनी ती रोग देऊ लागते आणि पुढं बरेच दिवस देत राहते. मादी नरापेक्षा जास्त दिवस रोग पसरवते. निरोगी झाडावर ती बसली आणि थोडा वेळ रस शोषला की काम झालं. त्या झाडावर खुणा दिसायला मात्र आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणजे आज हिरवं दिसणारं झाड आतून आजारी असू शकतं आणि माशी त्याच्यावरूनही रोग उचलू शकते.

म्हणून आपल्या शिवारातल्या प्रत्येक झाडाबद्दल दोन प्रश्न विचारायचे. हे झाड माशीचं 'टाकं' आहे का, म्हणजे माशी त्यावर वाढते का? आणि हे झाड 'आजारी माणूस' होऊ शकतं का, म्हणजे हाच विषाणू त्यात राहू शकतो का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून झाडांचे तीन गट पडतात.

पहिला गट : माशी वाढवणारी, पण हा रोग न देणारी झाडं

आपली पऱ्हाटी, वांगी, भेंडी, टमाटे, भोपळा, तसंच धुऱ्यावरची पेटारी, धोतरा अशी कितीतरी झाडं या गटात येतात. जगभरात पाचशेहून जास्त प्रकारच्या झाडांवर ही माशी जगते. वांगं तर तिचं फारच लाडकं. या झाडांवर तिची संख्या वाढते, पण सोयाबीनचा पिवळा मोझॅक त्यांच्यात राहत नाही. ही नुसती टाकी आहेत.

याच गटातल्या झाडांची आणखी एक गंमत आहे. माशीला कोणतं झाड किती आवडेल हे पानावरही ठरतं. ज्या कपाशीच्या पानावर लव जास्त, तिच्यावर तुडतुडे कमी येतात, कारण त्यांना लवेत अंडी घालायला जमत नाही. पांढऱ्या माशीला मात्र ती लव मानवते. एकाच पानावर एका किडीला त्रास आणि दुसरीला आराम! युरिया जास्त टाकून पऱ्हाटी काळीभोर, लुसलुशीत केली तर तिथंही माशी जास्त येते. २०१५ मध्ये पंजाबात पांढऱ्या माशीनं कापसाचं केवढं नुकसान केलं हे बातम्यांत आलं होतं. तिकडं पंजाब-हरियाणा-राजस्थानात हीच माशी कापसाचा पानमुरड विषाणूही पसरवते. आपल्या मध्य भारतात तो रोग तसा बसलेला नाही. आपला जुना गावरान, म्हणजे देशी कापूस त्या विषाणूला दाद देत नाही, हेही सांगून ठेवते. झाडाच्या जातीत किती ताकद असते ते यावरून कळतं.

दुसरा गट : माशीही वाढवणारी आणि रोगही साठवणारी झाडं

हा खरा धोक्याचा गट. यात शेंगवर्गातली झाडं येतात : सोयाबीन, मूग, उडीद, बरबटी, वाल आणि धुऱ्यावर-पडीकात आपोआप उगवणारे रानमूग, रानउडीद. तुरीवरही पिवळा मोझॅक अधूनमधून दिसतो. ही झाडं टाकंही आहेत आणि आजारी माणूसही.

हा रोग काही सोयाबीननं आणलेला नाही. मुगावरच्या पिवळ्या मोझॅकची नोंद दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी १९६० सालीच केली होती. आपल्या वऱ्हाडात तेव्हा सोयाबीन नव्हतंच म्हटलं तरी चालेल. ज्वारी, पऱ्हाटी, तूर, मूग, उडीद असं मिळूनमिसळून पीक असायचं. पुढं सोयाबीन आलं आणि शिवारच्या शिवार त्यानं भरलं. पूर्वी मुगाच्या दोन ओळीत सापडणाऱ्या विषाणूला आता मैलभर सलग घर मिळालं. वर्षानुवर्षं सगळीकडं पेरलं गेलेलं जेएस-३३५ हे वाण उत्पादनाला चांगलं, पण या रोगाला बळी पडणारं.

तिसरा गट : दोन्ही नसलेली झाडं

ज्वारी, मका, बाजरी. या पिकांवर पांढरी माशी नांदत नाही आणि हा विषाणूही त्यांच्यात राहत नाही. आपल्या सासूबाई पऱ्हाटीत, तुरीत ज्वारीची एखादी ओळ घालायच्या ती घरच्या भाकरीसाठी आणि बैलांच्या कडब्यासाठी. पण उंच ज्वारीची ओळ माशीच्या वाटेत आडवीही येते. माशी फार ताकदीनं उडत नाही, वाऱ्यासोबत सरकते. म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या धुऱ्याला ज्वारी किंवा मक्याच्या दोन-तीन ओळी दाट पेरल्या तर त्या आडोशाचं काम करतात. रोग पूर्ण थांबत नाही, पण येणाऱ्या माश्यांचा लोंढा कमी होतो. शिवाय भाकरी आणि कडबा मिळतो तो वेगळाच.

माशीला उपाशी ठेवता येत नाही, रोगाला ठेवता येतं

आता या तीन गटांवरून काय निघतं बघा. पहिला गट एवढा मोठा आहे की शिवारातून पांढरी माशी संपवू म्हटलं तर ते होणार नाही. कापूस उपटायचा? वांगी लावायची बंद करायची? ते कुणी करणार नाही आणि करायची गरजही नाही. सोयाबीनचा विषाणू मात्र फक्त शेंगवर्गातल्या झाडांत जगतो. माशीच्या अंगात तो काही दिवस राहतो, तिच्याबरोबर संपतो. म्हणून उन्हाळ्यात काही आठवडे शिवारात हिरवं शेंगवर्गीय झाड राहिलं नाही, तर माशी राहील पण तिच्याजवळ पेरायला रोग उरणार नाही.

अडचण इथंच येते. पूर्वी आपल्याकडं उन्हाळ्यात वावर तापायचं, काळी जमीन भेगाळायची. मूग-सोयाबीनचं हिरवं पान मार्च ते जून दिसायचं नाही. आता विहिरी, बोअर, ठिबक आलं, तिथं उन्हाळी मूग, उन्हाळी बरबटी, आणि गेल्या काही वर्षांत बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन आलं. काही गटांनी उन्हाळी सोयाबीनचं बियाणं करून चांगले पैसेही मिळवले. तो धंदा वाईट नाही. पण ते पीक मेअखेरपर्यंत हिरवं उभं राहिलं आणि जूनच्या शेवटी शेजारच्या वावरात खरिपाचं सोयाबीन उगवलं, तर विषाणूला एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जायला पूल तयार होतो. माशी जुन्या झाडावरून उठते आणि दोन पानांच्या कोवळ्या रोपावर बसते. रोपाला इतक्या लहान वयात रोग लागला की शेंग धरायची आशा सोडावीच लागते.

म्हणून ज्या गटाला उन्हाळी बियाणं करायचं आहे त्यांनी हे चार नियम ठरावात लिहून घ्यावे :

१. पेरणी लवकर, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरकायची, म्हणजे एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला वावर मोकळं होतं.

२. दहा जणींनी दहा ठिकाणी करण्यापेक्षा एकाच पट्ट्यात करायचं. लक्ष ठेवणं सोपं जातं.

३. पिवळी झाडं दिसताच उपटायची. रोगट झाडावरचं बियाणं धरायचं नाही.

४. काढणीनंतर सांडलेल्या दाण्यांतून उगवलेली झाडं वखरून मोडायची. खरीप पेरणीच्या आधी किमान महिनाभर त्या वावरात शेंगवर्गाचं हिरवं पान नको. उन्हाळी मुगालाही हाच नियम. शेवटची तोडणी झाली की त्याच आठवड्यात झाडं जमिनीत गाडायची, खतही होतं.

सुरुवातीला ज्या दोन तायांची गोष्ट सांगितली, तिथं हाच पूल उभा होता असं आम्हाला वाटतं. मुगाचं वावर दुसऱ्याचं, पीक आपलं. एकटीनं हे सुटत नाही. पण बैठकीत दोन्हीकडच्या बाया बसलेल्या असतात, तिथं सुटू शकतं.

मग घरच्या डाळीचं काय?

कुणी म्हणेल, मूग-उडीद रोग साठवतात तर पेरायचेच नाहीत का? तसं मुळीच नाही. घरची डाळ, वडे-पापडाचा उडीद ही आपली मिळकत आहे आणि ताटातलं अन्नही. फक्त सोयाबीनच्या मधोमध मुगा-उडदाचा पट्टा घालू नका, तो वेगळ्या तुकड्यात, शक्यतो ज्वारी-मक्याच्या आडोशाला घ्या. पिवळ्या मोझॅकला सहन करणारं वाण मागून घ्या. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अमरावतीचं प्रादेशिक संशोधन केंद्र आणि आपल्या जवळचं कृषी विज्ञान केंद्र इथं दर हंगामाच्या आधी कोणतं वाण या रोगाला तग धरतं हे विचारता येतं. दुकानदाराच्या सांगण्यावर बियाणं घेण्याआधी गटातून एक फोन तिथं करा.

रोगाला तग धरणारं वाण किती कामाचं असतं याचं जवळचं उदाहरण भेंडीचं आहे. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, म्हणजे हळद्या, आपल्या मुंबई इलाख्यात १९२४ मध्येच नोंदला गेला होता. तो विषाणूही हीच माशी पसरवते. पण त्याचं घर वेगळं, भेंडी आणि तिच्या नात्यातली झाडं. भेंडीचा हळद्या सोयाबीनवर येत नाही आणि सोयाबीनचा मोझॅक भेंडीवर जात नाही. पुढं परभणीच्या कृषी विद्यापीठानं रानातल्या भेंडीच्या नात्यातल्या झाडाशी संकर करून 'परभणी क्रांती' हे वाण काढलं. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या परसबागेत ते होऊन गेलं. वर्षं सरली तसा त्याचा जोर कमी झाला, कारण विषाणूही बदलत राहतो. म्हणून वाण दर काही वर्षांनी विचारून बदलायचं असतं.

जे आजारी दिसत नाही ते गाजरगवत

सगळेच आजारी पाहुणे खोकत येत नाहीत. गाजरगवताचं असंच आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडं पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आज आपल्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. तंबाखूच्या नावानं ओळखला जाणारा एक रेषा-विषाणू त्याच्यात राहतो, पण गवतावर रोगाची काही खूण दिसत नाही. विषाणू त्याच्या परागात असतो. फुलकिडे त्या फुलांवर बसतात, पराग अंगाला चिकटतो आणि शेजारच्या पिकाच्या पानावर ते किडे खरवडतात तेव्हा रोग आत जातो. सन २००० मध्ये आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यात याच विषाणूनं सुमारे सव्वादोन लाख हेक्टर भुईमुगाचं नुकसान केलं होतं. सूर्यफुलालाही तो मारतो, कापसावरही आढळला आहे.

इथं किडीपेक्षा झाडच महत्त्वाचं ठरतं. म्हणून गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटायचं. फुलल्यावर उपटलं तर पराग आपल्याच हातानं उडवल्यासारखं होतं. हातमोजे किंवा पिशवी हाताला गुंडाळा, तोंडाला रुमाल बांधा, त्यानं खाज आणि दमा होतो.

मिरची आणि पपई

मिरचीचा चुरडा-मुरडा, ज्याला आपण कोकडा म्हणतो, तो तीन कारणांनी होतो. फुलकिड्यांमुळं पानं वरच्या बाजूला वळतात, कोळ्यांमुळं खाली वळतात, आणि पांढऱ्या माशीनं आणलेल्या विषाणूमुळं पानं लहान, गोळा झालेली आणि झाड खुजं राहतं. टमाटे, मिरची, पपई यांच्यातले पानमुरड विषाणू एकमेकांच्या जवळचे असतात. म्हणून मिरचीचं रोप जुन्या टमाट्याच्या वाफ्याशेजारी टाकू नका. रोपवाटिकेवर बारीक जाळी किंवा घरची जुनी नायलॉनची मच्छरदानी लावा. रोप पहिला महिना वाचलं तर पुढं बरंच निभावतं.

पपईवरचा रिंगस्पॉट मात्र माव्यातून येतो आणि माव्याची रीत वेगळी आहे. मावा आजारी झाडाला सुई टोचतो, काही सेकंदांत विषाणू त्याच्या सोंडेला लागतो, आणि पुढच्या एक-दोन झाडांना टोचला की सोंड पुसली जाते. तो इतक्या झटपट रोग देतो की औषधानं मरायच्या आधीच त्याचं काम झालेलं असतं. म्हणून पपईभोवती मका-ज्वारीची दाट कडा लावतात. मावा आधी मक्यावर टोचतो, तिथं सोंड पुसली जाते आणि पपईवर पोचेपर्यंत त्याच्याजवळ रोग उरत नाही. पपईत भोपळा, काकडी, टरबूज मात्र लावू नका. त्या वेलांवर मावा असतो आणि हा विषाणूही त्यांच्यात राहू शकतो.

या हंगामात करायची कामं

*पेरणीआधी.* धुरे आणि पडीक साफ. रानमूग, रानउडीद, पेटारी, गाजरगवत काढा. बीजप्रक्रिया चुकवू नका : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. सोयाबीनला थायामेथोक्झाम ३० एफएस एक किलो बियाण्याला १० मिली लावायची शिफारस आहे. कोवळ्या वयात माशीपासून संरक्षण मिळतं आणि नंतरचा एखादा फवारा वाचू शकतो. हातमोजे घालूनच करा आणि उरलेलं बियाणं कोंबड्यांपासून दूर ठेवा.

*उगवणीनंतर पंधराव्या दिवसापासून.* आठवड्यातून दोनदा वावरात फेरी. पिवळं झाड दिसलं की त्याच्यावर आधी पिशवी घालायची, मग उपटायचं. नुसतं ओढलं तर माश्या उडून शेजारच्या झाडांवर बसतात. उपटलेलं झाड धुऱ्यावर टाकू नका, खड्ड्यात गाडा. एका फेरीत काम संपत नाही, कारण कालचं हिरवं झाड आज पिवळं दिसतं. पहिल्या महिन्यात हे नेटानं केलं तर पुढची धाव बरीच थांबते. अर्धं वावर पिवळं झाल्यावर उपटण्यात अर्थ नाही.

*पिवळे चिकट सापळे.* एकरी ८ ते १०, पिकाच्या शेंड्याच्या थोडे वर. तेलाच्या जुन्या डब्याचे पत्रे पिवळे रंगवून एरंडेल तेल किंवा ग्रीस लावलं तरी चालतं. माशीला पिवळा रंग ओढतो. रोगट झाडही पिवळंच असतं हे लक्षात घेतलं की ते झाड लवकर का काढायचं तेही समजतं.

*निंबोळी अर्क.* आपल्याकडं जून-जुलैत निंबोळ्यांचा सडा पडतो. वाळवलेल्या निंबोळ्या कुटून ५ किलो चुरा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात घाला आणि एकूण १०० लिटर पाणी करा. हा ५ टक्के अर्क झाला. त्याच दिवशी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला लागेल असा फवारा. माशी कमी असताना याचा उपयोग होतो. निंबोळ्या गोळा करून चुरा विकणं हा गटाचा छोटा धंदाही होतो.

*रासायनिक फवारणी.* माशी खूपच वाढली तरच, कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून, लेबलवर लिहिलेल्या पिकासाठी आणि तेवढ्याच मात्रेत. दोन-तीन औषधं आपल्या मनानं मिसळू नका. काही औषधं पुन्हापुन्हा मारली तर माशी खाणारे मित्रकिडे मरतात आणि माशी उलट वाढते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजुरांचे जीव गेले, हे विसरायचं नाही. पंपात पाणी भरणं, औषध कालवणं, फवारणीचे कपडे धुणं ही कामं घरात बाईकडंच येतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या तायांनी यातलं काहीच करू नये.

पुढच्या बैठकीत

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आपल्या वावराचा नकाशा कागदावर काढून आणा. सुंदर काढायची गरज नाही. चारी धुऱ्यांना लागून कोणाचं वावर आणि त्यात काय आहे, एवढं लिहा. मग सगळ्याजणी मिळून तीन रंगांची टिकली लावू : नुसतं टाकं असलेल्या झाडाला निळी, टाकं आणि रोग दोन्ही असलेल्याला लाल, दोन्ही नसलेल्याला हिरवी. सगळे कागद एकमेकांना जोडून जमिनीवर मांडले की गावाचं शिवार समोर येईल. लाल टिकली लाल टिकलीला कुठं भिडते ते बघायचं आणि तिथल्या दोघींनी पेरणीच्या आधीच बोलून घ्यायचं.

ज्या ताईंचं सोयाबीन गेलं त्यांच्या कर्जाला गटानं तीन महिन्यांची मुदत दिली आहे. यंदा त्यांच्या धुऱ्याला ज्वारीच्या तीन ओळी आहेत. मुगाचं वावर ज्यांचं, त्या ताईंनी मेच्या पहिल्याच आठवड्यात मूग मोडून वखर फिरवला. यंदा कसं होतं ते दिवाळीच्या अंकात कळवू.